चुणी पाठीत, चूक खांद्यात

मालन : अहो, पुन्हा फ्रीज उघडलात? डोळ्यावर काय धरलंय ते?

खंडोजी : बर्फ. बघ, डावी पापणी कशी टक्क उघडली! सांग तुझ्या भावाला, म्हणावं गाडी परत धारला ने. ऑपरेशन कॅन्सल.

दीपेश : जिजाजी, बर्फाने पाच मिनिट काम चालतं. मग शटर वापस डाउन!

खंडोजी : मग पुन्हा लावू. देवासात बर्फाला काय तोटा?

मालन : आणि एकाचे दोन दिसतात, त्याचं काय? परवा तुम्ही शिवलेल्या गुरुजींच्या कोटाला काजं एकीकडे, बटणं भलतीकडे. बिचारे वरातभर तिरके चालले.

खंडोजी : गुरुजी जन्माचेच तिरके आहेत. भिया दीपेश, मला एक सांग. रोग डोळ्याचा, आणि डॉक्टर उघडणार छाती! कॉलर फाटली म्हणून पायजमा उसवतं का कोणी?

दीपेश : इंदूरच्या डॉक्टरने समझावलं ना! छातीच्या हाडामागे ग्रंथी असते, तिच्यात गाठ झालीये. तिच्या चक्करमध्ये शरीर आपल्याच स्नायूंशी दुश्मनी करतंय. गाठ तर काढावीच लागेल. मग डोळापण सुधरेल, पण धीरे-धीरे. साल-दोन साल लागू शकतात.

खंडोजी : त्याने समजावलं. मला पटलं नाही.

मालन : बरं, राहू दे. कोटाच्या पाठीत चुणी पडली, तर तुम्ही पाठ उसवता ना?

खंडोजी : वेडी की काय? इतकी वर्षं शिंप्याच्या घरात काढलीस! चुणी दिसते पाठीत, चूक असते खांद्यात. आधी खांदा उस...

मालन : बोला की! थांबलात का?

दीपेश : वा ताई! जिजाजी क्लीन बोल्ड!

खंडोजी : तू गप रे. हिला वकील करायला हवं होतं.

मालन : दशम्या बांधल्यात, बॅग भरलीये. चला, उद्या सकाळी ऑपरेशन आहे, आजच भरती व्हायचंय.

खंडोजी : मालन...

मालन : आता काय?

खंडोजी : आधी झोपवतात ना ते. खरं सांगू? मला त्याचीच धास्ती वाटते गं. डोळे उघडलेच नाहीत तर?

मालन : (त्याच्या गालावरचं बर्फाचं पाणी पदराने टिपत) रोज संध्याकाळी चिकटपट्टी लावून ही पापणी कोण वर करतं? मी दाराबाहेरच बसलेली असेन. चपला घाला.