दोन तारा आणि कमरेचा पट्टा

...अहो नको, उशी नको, मला काही म्हणजे काही झालेलं नाही! बसा आधी. दार लोटा, आईला ऐकू जाईल. तुम्ही एवढे जिने चढून माझ्या कमरेची चौकशी करायला आलात, मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय, म्हणून तुम्हाला सांगतो, पण बाहेर बोलू नका... कंबर ठणठणीत आहे!

सगळा घोळ त्या विमानाचा. ते काय, भिंतीवर टांगलंय ते. रिमोट-बिमोट नाही हं! पोलादाच्या दोन बारीक तारा, तारांच्या टोकाला मूठ, मूठ माझ्या हातात, मी मधोमध गरगर फिरतोय आणि विमान माझ्याभोवती, मूठ वर कलली की वर, खाली कलली की खाली. आणि एकदा का उडालं, की टाकीतलं इंधन संपेपर्यंत इंजिन थांबत नाही, तोवर मूठ काही सोडता येत नाही!

तर हे डोक्यावर आलं की तारा ढिल्या पडायच्या. तारा ढिल्या पडल्यावर विमान माझं राहिलं कुठे? बाहेरच्या पंखाच्या टोकात शिसं भरलं, तारा पंखातून निघतात ती जागा मागे सरकवली, आता हवी होती फक्त एक बिनवाऱ्याची सकाळ. ती मिळाली कधी? नेमकं दादाचं लोखंडी कपाट वरच्या मजल्यावर चढवायचं होतं त्या रविवारी! केला फोन. "दादा... आई गं... कंबर धरलीय रे..." काय कण्हलो म्हणता! दादा म्हणाला, "अरे, पडून राहा तू. मी बघतो." घरी सांगितलं, डॉक्टरकडे जातो. आणि गाठलं मैदान. विमान आदल्या दिवशीच मित्राच्या गाडीत!

टाकी काठोकाठ भरली. उडालं! डोक्यावर नेलं, तारा ताठ! डोळ्यांत पाणी आलं हो... आणि विमानामागून कुंपण सरकतंय, झाड सरकतंय, मित्र सरकतोय, दादा सरकतोय... दादा?!

पुढच्या फेरीला पाहिलं, दादाच! कपाट चढवून, दुखरा गुडघा ओढत, घरी फोन करून कळलं म्हणून, मला बघायला मैदानावरूनच दवाखान्याकडे निघालेला. आणि हातात काय? स्वतःचा कमरेचा पट्टा, कंबर दुखली की बांधतो तो! माझ्यासाठी! आता तोंड कुठे लपवू? मूठ काही सोडता येत नाही! वळलो की दादा, पाठ केली की पाठीवर दादाची नजर, वळलो की पुन्हा दादा! मधेच तो दगडावर बसला, गुडघा चोळायला लागला. आणि निर्लज्जपणा बघा माझा, दादा बघतोय म्हटल्यावर मी विमानाच्या दोन कोलांट्या जास्तच मारल्या!

संपलं एकदाचं इंधन. मी मान खाली घालून उभा. ओरडावं ना त्यानं? कानाखाली वाजवावी? तर म्हणतो, "छान उडवतोस रे. सांगायचंस ना, कपाट संध्याकाळी चढवलं असतं." बस्स! एवढी लाज जन्मात वाटली नव्हती मला. पट्टा हातात दिला आणि गेला.

घरी येतो तर हा आधीच हजर! म्हटलं, मेलो. पण आईला आणि हिला सांगतोय काय? "फार लचकलीय बिचाऱ्याची. वाटेत भेटला, धड उभं राहवत नव्हतं. महिनाभर उठू देऊ नका." आता त्यानं मला वाचवलं की सूड उगवला, मला अजून कळलेलं नाही! खरं बोलावं तर दादा खोटा पडतो. म्हणून पडलोय, आई येता-जाता कंबर चोळते, आणि खिडकीबाहेर बघा, पान हलत नाहीये...

पावलं वाजली? आईच! तो पट्टा द्या इकडे, लवकर... आई गं... हळू गं... हो, आज जरा जास्तच आहे!