शेजारणीकडे न पाहणारा

धाड गावाला जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बुलढाण्याच्या स्टँडवर बसलेल्या विमलबाईंच्या कानावर शेजारी बसलेल्या कॉलेजच्या दोन पोरींचं भांडण पडत होतं.

“छकुले, कादंबरीतला तो गोष्ट सांगणारा पक्का खोटारडा आहे.”

“काऊन? तो तर म्हणते, शेजारणीकडे मी पाहतसुद्धा नाही.”

“अन् तिच्या वेणीतली फुलं बरी दिसतात त्याले पानोपानी!”

“तू बी ना, स्वरदा! सांगणाऱ्यावर भरोसा ठेवावा माणसानं.”

“बरं. आपल्या वर्गातला गोकुळ कसा वाटते तुले?”

“मले काय माहीत? मी काऊन पाहू त्याच्याकडे? आज तर निळ्या शर्टाचं बटनही तुटेल होतं त्याचं.”

गाडी लागली. विमलबाई आधी चढल्या. बसणार, तोच खिडकीतून सीटवर रुमाल पडला.

“छकुली, जागा धरली बरं का!” बाहेर निळा शर्ट उभा होता.

मागून चढलेल्या छकुलीला जागा देत विमलबाई मागच्या सीटवर सरकल्या.

“बस माय. म्या काहीच आयकलं नाही.”