श्रावणात टाकलेलं जाळं

मी भोयाचा. बाजारहत्नूरच्या अलीकडं नदीकाठी आमचं गाव, आजा-पंजापासून पोट मासोळीवर. आमच्या घराले एक मान होता, तो आधी ऐका, नाईतर पुढचं समजणार नाई. आखाडापासून पोळ्यापर्यंत डोहात कोणी जाळं टाकत नव्हतं, मासोळीच्या पोटात गाभोळी राह्यते ना. पोळा झाला की पयलं जाळं आमच्या घरचं, मंग सारा गाव. आमचं जाळं पाण्यात पडलं म्हणजे बंदी उठली, बस. कुठं लिहून नव्हतं.

एक्याऐंशी साली इंद्रवेल्लीत गोंडायवर गोळीबार झाला, त्याच्या बाद पाच-सा सालानं कालेजचा एक सर आला, माशायवर शिकून राह्यला होता. मानूस चांगला, खोटं काऊन बोलू. माह्यासंगं पाण्यात उतरे, मासोळी मापे, खवला काढून भिंगातून पाहे, अन इचारे, मामा, ही अंडे कुठं घालते, खाते काय. दोन सालं मी त्याले शिकवलं. शिकवलंच म्हणतो मी!

मंग एका श्रावणात म्हणे, मामा, डोहातल्या दोन गाभोळीवाल्या माद्या पायजे, अंडे मोजाचे हायेत, ही मासोळी वाचावी म्हणूनच तर करून राह्यलो. मी नाई म्हणलं. बायको म्हणे, टाकू नका. तो म्हणे, दोनच मामा. अन मी मुरख, भर दुपारी टाकलं जाळं. घाटावर बाया धुणं धूत होत्या, त्यायनं पायलं.

दुसऱ्या दिवशी सारा गाव डोहात. मी बोंबललो, अरे सरच्या अभ्यासासाठी टाकलं, बंदी नाई उठली. आयकते कोण? माहा सख्खा चुलता म्हणे, तुह्या घरचं जाळं पडलं का नाई, तेवढं सांग. काय सांगू तुमाले, टोपलेच्या टोपले गाभोळीची मासोळी बाजारात गेली. सर काठावर उभा राहून रडे. रडून काय होते? एकदा मोडलं ते मोडलं, मंग कोण्याच साली कोणी बंदी पाळली नाई. आता डोहात जाळं टाका, गाळ निंगते.

मागच्या साली मासोळी खात्याच्या हापिसातून जीप आली. आमाले खाली बसवलं अन सरच्याच पुस्तकातून वाचून दाखवलं, पावसाळ्यात जाळं टाकू नका, भोई लोकायले याची जाण नाई. आंगाची आग झाली माह्या. उठून म्हणलं, साहेब, हे सरले कोणं सांगतलं, ते लिवलं हाय का त्यात? त्यानं पानं चाळली अन म्हणे, खाली बसा.

सर आता मोठ्या हुद्द्यावर हाय म्हणते. असो, सुखी राहो. त्याच्यावर राग धरून काय करू? मी 'नाई' म्हणलं त्याच्यामागं काय होतं, आमचं जाळं पडलं की सारा गाव उतरते, हे त्याले मी सांगतलंच नाई. त्याले माहीत नव्हतं, भाऊ. मले माहीत होतं.