पट्ट्यांचा की ठिपक्यांचा?

मंडळी, ऐका! आधी एक सांगा — रक्त आपलं की परकं, हे ठरवायचं कुणी? आपण, की ज्यानं ते घडवलं त्यानं? बरं, आख्यान ऐका!

निवतीच्या किनाऱ्यावरचा धाकू खवणेकर. जातीनं गाबीत, म्हणजे मासेमार; हाडाचा दर्यावर्दी — आणि हाडाचा हट्टी! लेक उल्कानं धनगराच्या मुलाशी लग्न केलं, तेव्हापासून धाकूनं तिचं नाव टाकलं. आज तिच्या बाळाचं बारसं, कुडाळला. बायको शेवंती नेसून तयार. "चला हो!" तर हा म्हणतो, "माका दर्यात काम आसा!" काम कसलं? पळ काढला, मंडळी!

वारा पडलेला. दर्या कसा? निजलेल्या बाळाचं पोट हलावं, तसा! जोडीदार झिलूनं जाळं ओढलं. आत एक मासा — अंगावर पिवळे पट्टे, खडकातल्या एका जातीचे. शेपटीकडे निळे ठिपके, दुसऱ्याच जातीचे!

"ह्यो खयचो रे?" झिलू म्हणाला.

अहो, मासे अंडी सोडतात पाण्यात. दोन जाती शेजारी नांदल्या, तर क्वचित असंही पिल्लू होतं. शिकलेले संकर म्हणतात. समुद्र काय म्हणतो? काहीच नाही!

धाकूनं तो ओंजळीत धरला. पट्टा कुठं संपतो, ठिपका कुठं सुरू होतो — शोधलं, सापडेना! हलकेच सोडला. पाणी काचेसारखं. मासा खाली, खाली गेला... खडकाशी पट्टेवाल्यांचा थवा. धाकू होडीच्या काठावरून वाकला — आता हाकलतील! पण थवा वळला, तोही वळला... पिवळं, निळं, पिवळं... होडी तरंगतेय की आपणच, धाकूला कळेना.

"जाळा टाकूचा मा?" झिलूनं विचारलं.

"नाय रे. घराक चल. माका कुडाळाक जावचा आसा."

पोचला तेव्हा पाळणा म्हणून झालेला, बायका घुगऱ्या घेऊन पांगलेल्या. उल्का दारात आली. हसली नाही, रडली नाही.

"उशीर केलात, बाबानू." आणि बाळ पुढं केलं.

धाकू मागं सरला. "माझ्या हातांक माशाचो वास येता गो..."

"येऊंदे. त्येका कळूंदे, आजो इलो म्हणान."

मंडळी, धाकू पोचला. तुमचं काय? कुणाच्या दारात जायचं राहिलंय? टाळ ठेवा खाली, उठा! आरतीला उशीर झाला तर देव रागवायचा नाही — दार उघडणारं माणूस मात्र किती थांबेल, सांगता येत नाही!