सुनेचं इंजेक्शन

शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट बघत होती. समोर एक म्हातारी सिस्टरच्या टेबलाला चिकटून कुजबुजत होती. कुजबुज कसली, सगळ्या बाकाला ऐकू जात होती.

“हे सुनेचं कार्ड. दिवस न राहण्याचं इंजेक्शन द्या, मी घरी नेते.”

“आजी, भाजी आहे का ती, पिशवीतून न्यायला? तिलाच आणा.”

“मुलगा सुट्टीवर आलाय. तिला दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. अन् त्याला यातलं काही ठाऊक नाही.”

“मागच्या इंजेक्शनची मुदत आज संपतेय. उद्यापासून भरवसा नाही.”

“म्हणून तर धावत आले! मागच्या बाळंतपणात मरता मरता वाचलीय पोर.”

“मग मी काय करू?”

“फोन लावा. सांगा, आईला चक्कर आलीय, बायकोला पाठव.”

“मी खोटं बोलू?”

“तासाभरात तुम्ही कुलूप लावणार. बोला!”

सिस्टरने फोन लावला.

“हॅलो, तुमच्या आईला चक्कर आलीय. मिसेसना पाठवा... अहो, पण...” तिने फोनवर हात ठेवला. “तो स्वतःच निघालाय!”

“म्हणावं, कपडे खराब झालेत.”

“कपडे बदलायचेत हो, बाईमाणूसच लागेल... बरं.” तिने फोन ठेवला. “पाठवतोय. पण दारापर्यंत सोडायला येणारे.”

म्हातारीचा चेहरा उतरला. ती बाकाकडे वळली.

“बाई, जरा सरकता का?”

शिंपीणबाई केव्हाच उठली होती. आपल्या पिशवीची तिने उशी केली.

“डोळे मिटा, आजी. आणि तोंड जरा उघडं ठेवा.”