न्हाणीत बसून चाळीस मैल

...आणि वर मलाच विचारतात, "अगं, मग ओरडली का नाहीस?"

ओरडले ना. तुम्हाला सांगते, घसा बसेपर्यंत ओरडले. पण छत्तीस फूट लांब, चाकांवरचं घर, त्याला ओढणारा डिझेलचा ट्रक पुढे, ट्रकात माझा डॅड, आणि डॅडनं एकतीस वर्षं पावाच्या कारखान्यात यंत्रांशेजारी काढलेली... त्याला समोर बसून बोललेलं दुसऱ्यांदा ऐकू येतं, तर मागच्या घरातून काय ऐकू जाणार? आणि ते घर उभं नव्हतं हो. डोंगर उतरत होतं. वळणावळणानं. आत मी, माझ्या मांडीत नऊ महिन्यांची हेझल, आणि डोक्यावर एकेक कपाट उघडत चाललेलं. आता तुम्हीच सांगा, यात घाबरायचं नाही तर काय करायचं?

मी भित्री आहे, कबूल. हेझल झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बसते. ब्लूबेरीचे चार तुकडे करते. तिला मी कुणाकडे देत नाही, माझ्या सख्ख्या आईकडेसुद्धा नाही. मॉम हात पुढे करते, "दे गं, तू जरा आंघोळ करून ये," आणि मी म्हणते, "नको, ती माझ्याच अंगावर राहते." खोटं आहे ते. ती कुणाच्याही अंगावर राहते. मीच राहत नाही तिच्यावाचून.

पण भीती मला उगीच लागली का? नोव्हेंबरात हेझल झाली, जानेवारीत डॅड रिटायर झाला, आणि मार्चमध्ये आमच्या ओहायोच्या घरापुढे विक्रीची पाटी. सोफा विकला, पाळणा विकला, माझ्या शाळेतल्या चित्रांचे मॉमनं फोटो काढले आणि चित्रं फेकली. का? तर चाकांवरच्या घरात जागा नाही. मी म्हटलं, "मॉम, मी अडीअडचणीला लेकरू घेऊन जायचं कुठं?" तर ती म्हणते, "आम्ही जिथं असू तिथं ये." म्हणजे काय, दर मंगळवारी माझं माहेर दुसऱ्या राज्यात?

आणि डॅडचा तो प्लॅन. फ्रिजवर चिकटवलेला, वर प्लास्टिक. पुढच्या नाताळापर्यंत कुठल्या तारखेला कुठं मुक्काम, पाणी कुठं भरायचं, मैल्याची टाकी कुठं रिकामी करायची, सगळं लिहिलेलं. "घर सोडलं म्हणजे शिस्त सोडली असं नाही, ब्रीना," असं म्हणायचा.

तर मी आणि माझा नवरा कोल्बी, आठवडाभर त्यांच्याकडे राहायला म्हणून आयडाहोत गेलो. डोंगरात, नदीकाठी कॅम्प. चौथ्या दिवशी सकाळी उठले तर सूर्य नारिंगी, आणि खिडकीवर राख. मी कोल्बीला म्हटलं, आग लागलीय. तो म्हणतो, "कुणीतरी बेकन भाजतंय." एवढं बेकन? सगळ्या डोंगराचं?

मग शेरीफचा माणूस आला. दार वाजवून म्हणाला, "उत्तरेचा रस्ता बंद केलाय. तासाभरात दक्षिणेला निघा."

डॅड म्हणाला, "पण आमचं आज उत्तरेला बुकिंग आहे."

"काका, आगीला ते माहीत नाही."

माझ्या डॅडचा चेहरा असा कधी बघितला नव्हता मी. फ्रिजपुढे जाऊन उभा राहिला. त्या कागदावर दक्षिण नव्हतीच.

मग पळापळ. कोल्बी आमची छोटी गाडी घेऊन पुढे निघाला, दक्षिणेला मुक्कामाची जागा धरायला. त्याच्या गाडीचा एसी बंद, धुरात लेकरू कसं न्यायचं, म्हणून मी आणि हेझल ट्रकात बसणार असं ठरलं. हेझलची गाडीतली खुर्ची मी ट्रकाच्या मागच्या सीटवर बांधली, लंगोटांची पिशवी त्या खुर्चीत ठेवली आणि राख पडू नये म्हणून वरून मलमलचं फडकं टाकलं. कोल्बी निघताना त्याच्या खिडकीत वाकून त्याला सँडविच दिलं. एवढंच केलं मी. आणि तेवढ्यात हेझलनं लंगोट भरला.

आता ऐका. या फिरस्त्या लोकांचा एक धर्म आहे. घर ट्रकला जोडत असताना जोडणाऱ्याशी बोलायचं नाही. बायकोनंसुद्धा नाही. बोलण्याच्या नादात एक खीळ विसरली की घर रस्त्यात सुटतं. मी जवळ गेले, तर डॅडनं न बघताच बोट वर केलं. म्हणजे गप्प. म्हणून मी गप्पच हेझल दाखवली, कोरडा लंगोट दाखवला, घराकडे हात केला. त्यानं मान हलवली. मला वाटलं त्याला कळलं. तो खिळी मोजत होता.

आत गेले, बाळाला पुसलं, आणि जमीन हलली.

माझा फोन ट्रकात. दार उघडावं तर खाली रस्ता पळतोय. मुक्कामाला या घराच्या भिंती बाहेर सरकवतात, प्रवासात त्या आत ओढलेल्या असतात, मधे मांजर जाईल एवढी वाट. पहिल्या वळणाला कपाट उघडलं, ओटचा डबा माझ्या डोक्यावर. दुसऱ्या वळणाला तवा. म्हणून मी न्हाणीत घुसले. तिथं पडण्यासारखं काही नाही. पाय एका भिंतीला, पाठ दुसऱ्या भिंतीला, मधे हेझल. मी म्हणतेय, "देवा, ती तेवढी राहू दे, माझं काय ते बघ," आणि हेझल? खिदळतेय. प्रत्येक वळणाला हात वर करून खिदळतेय. आणि डॅडचा नियम असा की दोन तास ट्रक थांबवायचा नाही. दोन तास! आता तुम्हीच सांगा, घाबरायचं नाही तर काय करायचं?

रस्ता जरा सपाट झाला तशी मी रांगत मागच्या खिडकीशी गेले. मागे चाकांवरच्या घरांची रांगच लागलेली, सगळे आगीपासून निघालेले. मी हात हलवला. जोरात. दोन्ही हात हलवले, हेझलला वर धरून दाखवली. आणि ते काय करतात? हात हलवतात! कारण हे लोक रस्त्यात भेटले की एकमेकांना हात करतात, तीच रीत. एक आजी हसून हात करतेय, एकानं तर त्याच्या कुत्र्याचा पंजा धरून हलवला. मी रडतेय, ते हसताहेत. कागदी थाळीवर काही लिहावं तर पेन प्लॅनला बांधलेलं आणि प्लॅन फ्रिजवर आणि फ्रिज आत ओढलेल्या भिंतीमागे.

मग दारापाशी बटणांची पट्टी होती, ती दिसली. एका हातानं हेझल, दुसऱ्या हातानं बटणं. बाहेरचा दिवा लावला, विझवला. कुणी बघेना. पंखा लावला. पाण्याचा पंप लावला. शेवटचं बटण दाबलं, तर बाहेर घर्रर्र करून काहीतरी खाली आलं. दाराची पायरी.

आणि तुम्हाला सांगते, दोन मिनिटं गेली नसतील, हॉर्नच हॉर्न. एक मोटरसायकलवाला पुढे गेला, एक पिकअप पुढे गेली, सगळे ट्रकच्या खिडकीशी जाऊन हात दाखवताहेत. बाई लेकरू घेऊन खिडकीत रडतेय, तिला टाटा. पायरी खाली राहिलीय म्हटल्यावर सगळा महामार्ग धावला. कारण पायरी खाली ठेवून निघणं म्हणजे या लोकांत रात्रीच्या पायजम्यात चर्चला जाण्यासारखं आहे, आणि दुसऱ्याचं असं दिसलं की सांगितल्याशिवाय यांना राहवत नाही.

ट्रक थांबला. मागच्या गाड्यांतून चौघं उतरले. बाहेरून मला डॅडचा आवाज, शरमेनं पडलेला. "आभारी आहे... नाही हो, मी नेहमी बघतो... आज जरा घाई..." मी पडलेल्या डब्यांतून दाराच्या कडीपर्यंत पोचेतो ते गेले. मग दार उघडलं.

"लोरेन, ही पायरी तू...?" डॅड ट्रकातल्या मॉमला विचारत होता.

आणि मी समोर. केसांत ओट, कडेवर हेझल.

तो तसाच ट्रकाकडे वळला. मॉम तिथं मागच्या सीटवर, हेझलच्या खुर्चीशेजारी बसली होती. ओठांवर बोट ठेवून कुजबुजली, "हळू, वेंडेल. आत्ता कुठं शांत झोपलीय." डॅडनं फडकं उचललं. लंगोटांची पिशवी.

मॉमला वाटलं मी कोल्बीबरोबर गेले. मला त्याच्या खिडकीत वाकलेली तिनं बघितलं होतं ना. आणि फडकं तिनं उचललं नाही, कारण नऊ महिने मीच सगळ्यांवर खेकसलेय, फडकं उचलायचं नाही, ती जागी होते. चाळीस मैल दोघं कुजबुजत आले, डॅडला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं तरी. मॉम म्हणाली, "मला वाटलं, शेवटी तू तिला माझ्याकडे ठेवून गेलीस. मी वेंडेलला म्हणतही होते..." आणि ते फडकं उगीच घडी घालत राहिली.

मला केवढं बोलायचं होतं. सगळं तयार होतं तोंडात. पण डॅड रस्त्याच्या कडेला बसला आणि हातातली किल्ली खाली पडली तरी त्यानं उचलली नाही. "मी मोजलं होतं," एवढंच म्हणत होता. "मी मोजलं होतं, ब्रीना." मागे डोंगरावर धूर वाढत चाललेला. मॉमनं ते धूड कधी चालवलेलं नाही. मी लग्नाआधी दोन हिवाळे कोल्बीच्या मामाची गुरं नेणारी गाडी ट्रकामागे ओढली होती, तेवढंच. किल्ली मी उचलली. थांबून जळायचं का?

मी हेझल मॉमपुढे केली. मॉमनं हात मागे घेतले.

"नको," म्हणाली. "तुझ्याकडेच असू दे. माझ्यावर कशी सोपवशील तू आता?"

"धर गं."

"तुझा विश्वास आहे माझ्यावर?"

"नाही," मी म्हटलं. "पण ट्रकला दोन हात लागतात, आणि मला दोनच आहेत."