डोकं इस्त्रीवाल्याचं, धड राजाचं

नणंद : हात धरला होतास की नाही, एवढंच सांग वहिनी. आमच्या शिवणक्लासच्या बाई मागच्याच रांगेत होत्या. दादाला जाऊन वर्ष झालं नाही आणि तुझी वहिनी कुणाच्या तरी दंडाला धरून सिनेमा बघत होती, असं सगळ्यांसमोर म्हणाल्या मला. मान खाली घालून काजं करत बसले.

वहिनी : धरला होता, वन्सं.

नणंद : कोण आहे तो?

वहिनी : माहीत नाही.

नणंद : वा. म्हणजे आणखीच छान.

वहिनी : तोंडसुद्धा पाहिलं नाही त्याचं. माझीच मान वर होईना.

नणंद : आणि एवढा सिनेमा तरी कसला होता?

वहिनी : अंतराळातला, विनोदी. त्यातली यानं सगळी किसण्यांची नि गाळण्यांची केलेली. आकाश म्हणजे एक भली मोठी चादर. ती चुरगळली की तारे एकमेकांवर आपटतात, म्हणून एक इस्त्रीवाला शिडीवर चढून आकाशाला इस्त्री करत असतो. काय एकेकाचं डोकं चालतं हो.

नणंद : मला सिनेमा सांगू नकोस.

वहिनी : राजा झोपताना डोकं काढून खुंटीला लावतो. इस्त्रीवालाही लावतो. सकाळी होते अदलाबदल आणि फौज गोंधळते, कुणाला सलाम करायचा.

नणंद : (हसू दाबत) पण मग त्यातला राजा कोणता?

वहिनी : अगदी तुमच्या दादाच्या वळणावर गेलात. त्यांनाही विनोद कधी पहिल्या फटक्यात कळला नाही. मीच जन्मभर त्यांच्या दंडावर हात ठेवून कानात सांगत आले. त्या दिवशी अख्खं थिएटर हसलं, मी हसले, आणि शेजारी वाकून सांगून मोकळी झाले, "अहो, डोकं इस्त्रीवाल्याचं, धड राजाचं."

नणंद : परक्या माणसाला अहो म्हणालीस?

वहिनी : हाताला लोकरीचा स्वेटर लागला तेव्हा भानावर आले. यांना लोकर टोचायची. खुर्चीसकट जमिनीत गेले असते तर बरं झालं असतं. आणि लाज नुसती त्या हाताची नाही, वन्सं. हसताना मी विसरले, हे नाहीत म्हणून. चक्क विसरले.

नणंद : उठून यायचंस गं.

वहिनी : हात तेवढा काढून घेतला.

नणंद : तो काही बोलला?

वहिनी : नाही. पुढच्या विनोदाला सगळे हसले, तेव्हा त्यानं कान माझ्याकडे केला.